व्हिसा लागत नाही, कागद लागतात

आमच्या नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे. आम्ही नुसतं 'प्रेस' म्हणतो. १९२५ मध्ये इथं काम सुरू झालं, म्हणजे २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली. टपाल तिकिटं आधी लंडनहून छापून यायची, ती इथं छापली जाऊ लागली. पुढे १९२८ मध्ये शेजारी नोटांचा छापखाना उभा राहिला. देशातल्या पासपोर्टच्या पुस्तिकाही इथंच तयार होतात. कोरी पुस्तिका इथून पासपोर्ट कार्यालयांत जाते, तिथं तिच्यावर नाव, फोटो, जन्मतारीख चढते आणि मग ती पोस्टाने माणसाच्या घरी येते. जेल रोडवरच्या माझ्या घरी आलेला पासपोर्ट निघाला माझ्याच गावातून आणि परगावाला वळसा घालून माझ्याच गावात आला.

अशा पासपोर्टच्या गावात राहून २०२२ च्या दिवाळीत मी मुंबई विमानतळाच्या काउंटरवरून परत फिरलो.

माझी थोरली बहीण निफाड तालुक्यात असते. द्राक्षबागेचं घर. तिची लेक आणि जावई त्रिनिदादला आहेत; जावई पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत अमोनियाच्या कारखान्यात काम करतो. लेक म्हणाली, "आई, मामाला घेऊन दिवाळीला ये." तिकीट काढून देणाऱ्या एजंटाने सांगितलं, "काळजी करू नका, भारतीयांना त्रिनिदादचा व्हिसा लागत नाही." ते खरंच होतं आणि आजही खरं आहे. पण आमचं पहिलं विमान लंडनला हीथ्रोवर उतरणार होतं आणि पुढचं गॅटविकहून सुटणार होतं. एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे इंग्लंडच्या हद्दीत पाऊल टाकायचं. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे विचारलं, "यूकेचा ट्रान्झिट व्हिसा?" आमच्याकडे तो नव्हता. तिने दोन्ही पासपोर्ट परत सरकवले. तिचं काहीच चुकलं नव्हतं. व्हिसा नसलेला प्रवासी विमानात घेतला तर विमान कंपनीला दंड बसतो.

आलो त्याच गाडीने आम्ही परत निघालो. पहाटे कसारा घाट चढताना ताई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "चकल्या तरी मोडल्या नाहीत ना रे?" तिकिटाचे पैसे बुडाले. पण मला ते पैसे आठवत नाहीत, ताईचा तो प्रश्न आठवतो.

त्यानंतर मी हे सगळे नियम स्वतः वाचायला लागलो. २०२४ च्या दिवाळीला आम्ही नीट गेलो आणि नीट आलो. कॅरिबियन बेटांबद्दल आपल्याकडे आता पुष्कळजण विचारतात. कुणाचा मुलगा तिकडे वैद्यकीय शिक्षणाला असतो, कुणाला वेस्ट इंडीजमधली मॅच बघायची असते, कुणी क्रूझचं बुकिंग केलेलं असतं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सुरुवात वाटेपासून करावी लागते, कारण अडचण बेटावर येत नाही, वाटेत येते. त्रिनिदाद-टोबॅगो, बार्बाडोस, जमैका, ग्रेनाडा, डॉमिनिका, सेंट किट्स अशी बरीच बेटं भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसाशिवाय येऊ देतात. किती दिवस राहू देतात ते प्रत्येकाचं वेगळं आहे. पण भारतातून तिथं थेट विमान नाही. अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. त्या देशात विमानतळाच्या आतल्या आत पुढच्या विमानात बसायची सोय नाही. प्रत्येकाला आधी देशात प्रवेश घ्यावा लागतो. लंडनमार्गे गेलात आणि विमानतळ तोच राहिला तर एक प्रकारचा ट्रान्झिट व्हिसा, विमानतळ बदलला तर दुसऱ्या प्रकारचा. दुसऱ्यावर अठ्ठेचाळीस तासांत देश सोडावा लागतो. अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा हातात असेल तर पहिल्या प्रकारातून बहुधा सूट मिळते. यात फेरबदल होत राहतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघा. एजंटाचं 'व्हिसा फ्री' हे वाक्य शेवटच्या मुक्कामापुरतं असतं. वाटेतल्या प्रत्येक विमानतळाचं नाव घेऊन त्याला विचारा: इथं काय लागतं? आणि उत्तर लेखी घ्या.

पासपोर्टला परतीच्या तारखेनंतरही सहा महिने मुदत हवी. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, ज्यांच्याकडे उतरणार त्यांचं निमंत्रणपत्र आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा, हे सगळं कागदावर छापून हातातल्या पिशवीत ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत संपते.

आता तापाची गोष्ट. यलो फीवर, म्हणजे पीतज्वर. कॅरिबियनला जाणाऱ्या मराठी माणसाची सगळ्यात मोठी चूक इथं होते आणि ती परत येताना उघडी पडते.

हा ताप डासांमार्फत पसरतो. त्रिनिदादच्या जंगलातल्या माकडांमध्ये त्याचा विषाणू आढळला आहे, म्हणून त्रिनिदाद धोक्याच्या यादीत आहे. गयाना आणि सुरीनामही आहेत. बार्बाडोस, जमैका या यादीत नाहीत. भारतात हा रोग नाही. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या घराघरांत आहे, डेंग्यूचा तोच तो डास. नाशिकला पावसाळा संपता संपता डेंग्यूचे रुग्ण दिसू लागतात तेव्हा महापालिकेची माणसं कुंड्यांतलं पाणी ओततात, कूलर तपासतात. एवढे डास हजर असताना विषाणू एकदा आत आला तर काय होईल, याचा विचार करूनच भारत सरकारने हा नियम कडक ठेवला आहे. यादीतल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या माणसाकडे लसीचं वैध प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. भारतीय नागरिकालाही सूट नाही. वाटेत लंडनला दोन दिवस राहिलात तरी नियम टळत नाही.

लस आरोग्य मंत्रालयाने नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. घरच्या डॉक्टरांचं पत्र चालत नाही. आम्ही त्यासाठी मुंबईला गेलो. आधी वेळ घ्यावी लागते, पासपोर्ट बरोबर लागतो, आणि प्रमाणपत्राच्या पिवळ्या कार्डावर पासपोर्टचा नंबर चढतो. तो जागेवरच तपासून घ्या. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होतं. पूर्वी दर दहा वर्षांनी लस पुन्हा घ्यावी लागायची. जुलै २०१६ पासून एकदाच घेतलेली जन्मभर चालते.

ताई बासष्ट वर्षांची. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना दुष्परिणामाचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून डॉक्टरांनी तिला बसवून घेतलं. अंड्याची ॲलर्जी आहे का, कॅन्सरचे उपचार झालेत का, स्टिरॉइड चालू आहे का, पूर्वी मोठं आजारपण होतं का, सगळं विचारलं. ताईने ब्लडप्रेशरच्या गोळीचं पाकीटच पुढे ठेवलं. त्या डॉक्टरीणबाईंनी ते उलटंपालटं करून वाचलं, मग सुई हातात घेतली. ज्यांना ही लस घेता येत नाही त्यांनी बेटच दुसरं निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. यादीत नसलेली सुंदर बेटं पुष्कळ आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी ताई निफाडहून माझ्या घरी आली. बागेत ऑक्टोबर छाटणी चालू होती. द्राक्षवाल्याच्या घरातून या दिवसांत कुणी बाहेर पडत नाही. तिला आणायला मला दोनदा जावं लागलं. बॅग भरताना तिने तळाशी एक ओलं फडकं ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, "थॉमसन द्राक्षाच्या काड्या आहेत. जावयाने मागितल्यात. कुंडीत लावणार म्हणाला."

फडकं सोडलं. दोन जाड काड्या, एकीला जुन्या ओलांड्याचा, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीचा, वीतभर तुकडा चिकटलेला. मी म्हटलं, "ताई, ही साल जरा काढ." तिने अंगठ्याच्या नखाने साल उचकटली. सालीखाली कापसासारखा पांढरा ठिपका होता. तिने तो बोटावर घेतला, चुरडला. बोट गुलाबी झालं.

"पिठ्या ढेकूण," ती म्हणाली.

निफाड-दिंडोरीत हे नाव माहीत नसलेला बागाईतदार सापडणार नाही. घडात शिरला की मधासारखा चिकट द्रव सोडतो, त्यावर काळी बुरशी चढते, आणि तो घड निर्यातीतून बाद. सालीखाली लपतो म्हणून फवारणीही पोचत नाही. आपल्या द्राक्षबागांतली त्याची मुख्य जात मॅकोनेलिकॉकस हिरसुटस. मग मी ताईला ग्रेनाडाची हकिकत सांगितली.

ग्रेनाडा हे त्रिनिदादच्या उत्तरेचं छोटं बेट. तिथं १९९४ मध्ये हाच किडा सापडला. मूळचा आशियातला; कुणाच्या तरी रोपाबरोबर किंवा फळाबरोबर गेला असणार. तिथं त्याला खाणारं कुणी नव्हतं. जास्वंदीची कुंपणं वाळली, कोको आणि मामफळाची झाडं आक्रसली, जंगलातली मोठाली झाडंसुद्धा सुटली नाहीत. दोनशेहून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर हा जगू शकतो. १९९५ मध्ये तो त्रिनिदादला पोचला, सेंट किट्सला पोचला, आणि मग एकेक करत बाकीची बेटं. रोगट झाडं तोडून जाळली, औषधं मारली, तरी आटोक्यात येईना. शेवटी त्याचे शत्रूच बाहेरून आणावे लागले. ॲनागायरस कामाली नावाची बारीकशी गांधीलमाशी, जी या किड्याच्या अंगात अंडी घालते, आणि क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा. क्रिप्टोलिमस हे नाव ताईला पाठ आहे. आपल्याकडे जैविक कीडनियंत्रणासाठी हाच ढालकिडा बागेत सोडतात.

ताई बराच वेळ काड्यांकडे बघत बसली. मग उठली, त्या गॅसवर जाळल्या आणि हात साबणाने धुतले. "आपल्याच बागेतला शत्रू आपल्याच हाताने लेकीच्या दारात," एवढंच म्हणाली.

विमानात मिळणाऱ्या फॉर्मवर 'रोपं, बिया, फळं, माती, मांस, दुग्धजन्य पदार्थ आहेत का' असा प्रश्न असतो. पुष्कळजण न वाचता 'नाही'वर खूण करतात. पण कढीपत्त्याचं रोप, तुळशीच्या मंजिऱ्या, मोगऱ्याची फांदी, ओली हळद, गंगाघाटावरची माती, पूजेतलं नारळ-सुपारी, कांदा-लसूण, यातलं काही ना काही आपल्या बॅगेत असतंच. ताजं आणि उगवू शकेल असं काहीही परवान्याशिवाय नेऊ नये. भाजलेलं, तळलेलं, दळलेलं, कंपनीच्या पाकिटात बंद असलेलं सहसा चालतं. आम्ही चिवडा, चकली, शंकरपाळे, मेतकूट आणि गोडा मसाला नेला. खव्याचं काही घेतलं नाही. फॉर्मवर 'खाद्यपदार्थ आहेत' असं लिहिलं. त्रिनिदादच्या पियार्को विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली, चकलीचा डबा उघडून वास घेतला, मसाल्याच्या पाकिटावरचं लेबल वाचलं आणि दहा मिनिटांत सोडलं. शेजारच्या रांगेत एका बाईंनी 'नाही' लिहिलं होतं आणि पर्समध्ये आंबा निघाला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा त्या अजून उभ्याच होत्या.

बॅगेबद्दल आणखी थोडं. ताईने लेकीसाठी मिक्सर घेतला होता. त्रिनिदादला वीज ११५ व्होल्टची आहे. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथं जेमतेम घरघरतो. तो घरीच ठेवला. मोबाइलचे चार्जर चालतात, पिन मात्र बदलावी लागते. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या आणि तीव्र वेदनाशामकं यांबद्दल जास्त काळजी घ्या. नाशिकच्या वाइनच्या दोन बाटल्या नेता येतात: त्रिनिदादची मर्यादा दीड लिटरची आहे आणि साडेसातशे मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे बरोबर तेवढंच. सिगारेटी दोनशेपर्यंत. परकीय चलन रोख नेताना रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंत नोटा घेता येतात, बाकी कार्डावर. भारतीय नोटा पंचवीस हजारांपर्यंत जवळ ठेवता येतात. घरी परतताना टॅक्सीला लागतात.

आणि लष्करी रंगाचे कपडे. या वेळी आमचा धाकटा भाचाही बरोबर होता. देवळाली कॅम्प हाकेच्या अंतरावर, तोफखान्याचं केंद्र इथलं. त्यामुळे ठिपक्याठिपक्यांच्या पँट, टोप्या, सॅक आमच्याकडे पोरांच्या अंगावर सर्रास असतात. त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैका, ग्रेनाडा, सेंट लुशिया अशा बऱ्याच बेटांवर सैनिक सोडून कुणीही असे कपडे घालणं हा गुन्हा आहे. लहान मुलांनाही सूट नाही. सैनिक कोण आणि सैनिकाचं सोंग घेतलेला कोण, हे लोकांना ओळखता यावं म्हणून. भाच्याची पँट बॅगेतून काढताना तो रडला, पण ती विमानतळावर काढून घेतली गेली असती तर जास्त रडला असता.

त्रिनिदादची दिवाळी बघायला जावं. हे मी अगदी मनापासून सांगतो.

३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कोलकात्याहून सव्वादोनशेच्या आसपास मजूर घेऊन तिथं पोचलं. पुढच्या सत्तरएक वर्षांत दीड लाखाच्या जवळपास माणसं उसाच्या मळ्यांसाठी नेली गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली. त्यांच्याजवळही एक कागद असायचा. त्यावर नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची आणि अंगावरची खूण. त्यांना तो वाचता येत नव्हता. पाच वर्षांचा करार त्या कागदावर होता. अंगठा लावून गेलेल्या त्या माणसांच्या पणतवंडांनी ३० मे हा दिवस सार्वजनिक सुट्टीचा करून घेतला. दिवाळीची सुट्टीही तिथं १९६६ पासून आहे.

दिवाळीच्या रात्री आम्ही कूवाजवळच्या एका वस्तीत होतो. बांबू उभे चिरून, वाकवून त्यांच्या कमानी केल्या होत्या आणि प्रत्येक कमानीवर मातीच्या पणत्या ओळीने मांडल्या होत्या. तिथं पणतीला 'दिया' म्हणतात, तेलही आपल्यासारखं वाटीने घालतात. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे दिवे लावायला आले होते. एका म्हाताऱ्या बाईंनी ताईला बसवून वांग्याचा चोका वाढला. भाजलेलं वांगं, लसूण, मिरची, वरून कडकडीत तेल. ताई म्हणाली, "हे तर आपलं भरीत." त्या बाईंना मराठी कळत नव्हतं, ताईला इंग्रजी येत नव्हतं. दोघींनी एका थाळीत जेवण केलं. डाळीचं सारण भरलेली दालपुरी खाताना ताईला पुरणपोळी आठवली, गूळ विसरलेली.

जवळच वॉटरलूला समुद्रात एक देऊळ आहे. सेवदास साधू नावाच्या मळ्यातल्या मजुराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची होती. १९५२ मध्ये ते पाडलं आणि साधूंना तुरुंगात टाकलं. बाहेर आल्यावर त्यांनी ठरवलं की समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही, आणि ओहोटीच्या वेळी सायकलवरून दगड-सिमेंट नेऊन पाण्यात भराव घालायला सुरुवात केली. कित्येक वर्षं, एकट्याने. आजचं देऊळ १९९० च्या दशकात नव्याने बांधलेलं आहे. तिथं जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एवढाच नियम.

पोर्ट ऑफ स्पेनमधलं क्वीन्स पार्क ओव्हल मी फाटकातून बघितलं तरी भरून आलं. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते इथं. दिलीप सरदेसाईंचं शतक, आणि सुनील गावसकरांची ती पहिलीच कसोटी. एप्रिलमध्ये याच मैदानावर गावसकरांनी एका कसोटीत १२४ आणि २२० धावा केल्या, त्याही भयंकर दातदुखी सोसत. प्रवासाला निघण्याआधी दाताचं काम उरकून घ्या असं मी सगळ्यांना सांगतो, तेव्हा हेच उदाहरण देतो. परदेशात दाताचा खर्च प्रवास विम्यात बहुधा पुरता बसत नाही.

विमा मात्र घ्याच. चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे आपली दिवाळीही त्यातच. त्रिनिदाद वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे, पण बार्बाडोसला वादळं गाठतात. २९ जून २०२४ ला भारताने बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि लगोलग 'बेरिल' वादळ आलं. विमानतळ बंद झाला, जगज्जेता संघ हॉटेलात अडकला आणि ४ जुलैला खास विमानाने दिल्लीत पोचला. त्याच वादळाने ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावरची बहुतेक घरं मोडली. संघासाठी खास विमान पाठवता येतं, तुमच्या-माझ्यासाठी नाही. परतीचं तिकीट बदलता येण्याजोगं घ्या आणि गोळ्या दोन आठवडे पुरतील एवढ्या जास्तीच्या ठेवा. आणखी एक गोष्ट लपवणं बरोबर नाही. आम्ही परतल्यावर महिन्याभरात, ३० डिसेंबर २०२४ ला, टोळ्यांच्या हिंसाचारामुळे त्रिनिदादमध्ये आणीबाणी जाहीर झाली. जाण्याआधी तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना वाचा, अंधार पडल्यावर अनोळखी भागात पायी फिरू नका, दागिने घालून तर नाहीच.

दागिन्यांवरून परतीचा विषय निघतो.

आम्ही आलो तेव्हा २०१६ चे बॅगेज नियम लागू होते. त्यात परदेशातून परतणाऱ्या भारतीयाला पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येत, दारू दोन लिटर, सिगारेटी शंभर. हे आकडे सरकार बदलतं, म्हणून निघताना सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर ताजे बघून घ्या. पण सोन्याचा नियम माणसांना माहीतच नसतो. करमुक्त दागिन्यांची सवलत फक्त वर्षभराहून जास्त परदेशात राहून आलेल्यांना होती: बाईला चाळीस ग्रॅम, पुरुषाला वीस, आणि किमतीची मर्यादा अनुक्रमे एक लाख आणि पन्नास हजार. त्या वेळच्या भावाने एक लाखात दीड तोळाही बसत नव्हता. महिनाभर फिरायला गेलेल्याला सवलत शून्य. मग ताईच्या हातातल्या चार पाटल्यांचं काय? त्या तिच्या लग्नातल्या. पण मुंबईला उतरल्यावर त्या परदेशात घेतलेल्या नाहीत हे कशावरून?

त्यासाठी जाताना एक कागद करून घ्यायचा असतो. मुंबईहून निघताना, सामान देण्याआधी, सीमाशुल्काच्या अधिकाऱ्याला दागिने दाखवायचे. वजन आणि वर्णन लिहून ते एक्स्पोर्ट सर्टिफिकेट देतात. महागडा कॅमेरा, लॅपटॉप नेत असाल तर त्यांचंही घ्या, नंबरासह. आम्ही नाशिकच्या सराफाकडून पाटल्यांचं वजनपत्र आणि फोटो बरोबर नेले होते, त्यामुळे काम लवकर झालं. तरी अर्धा-पाऊण तास धरून चाला. परतताना मी तो कागद हातात घेऊन स्वतःहून लाल मार्गाने गेलो. ताई घाबरली होती. लाल मार्ग म्हणजे पकडलेल्यांचा, असं तिला वाटत होतं. अधिकाऱ्याने कागद बघितला, पाटल्या बघितल्या, "या, आजी" म्हणाला. संपलं. हिरवा मार्ग 'माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही' असं म्हणणाऱ्यांचा. तिथून गेलात आणि काही निघालं तर कर तर भरावा लागतोच, वर दंड आणि माल जप्त. शंका असेल तर लाल मार्ग धरा. पाच हजार डॉलरहून जास्त नोटा, किंवा नोटा-चेक मिळून दहा हजारांहून जास्त, बरोबर आणत असाल तर तेही तिथंच सांगायचं.

टोबॅगोच्या किनाऱ्यावर ताईला एक मोठा गुलाबी शंख सापडला होता. देवघरात ठेवायचा तिचा विचार. 'क्वीन काँच' म्हणतात तो. खाण्यासाठी अमाप पकडल्यामुळे तो कमी होत गेला आणि १९९२ पासून संरक्षित प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. नेण्या-आणण्यावर निर्बंध आहेत. प्रवाळ आणि कासवाच्या पाठीच्या वस्तूंचंही तसंच. दुकानात विकत मिळतं म्हणून नेता येतं असं नाही. शंख वाळूतच ठेवून आलो.

रम आणा, पण सत्तर टक्क्यांहून तीव्र मद्य विमानात चढवताच येत नाही, सामानातही नाही. विमानतळावर घेतलेली बाटली सीलबंद पिशवीतच राहू द्या. मधल्या विमानतळावर पिशवी फोडलेली दिसली तर बाटली तिथंच राहते. आणि गांजा. हा शब्द आपल्याच मजुरांबरोबर कॅरिबियनला गेला. जमैकात २०१५ मध्ये आणि त्रिनिदादमध्ये २०१९ मध्ये थोडा जवळ बाळगणं गुन्ह्यातून वगळलं. ती सवलत बेटाच्या हद्दीपुरती. विमानतळावर तो अमली पदार्थच आहे आणि मुंबईत त्याला तुरुंग आहे. अनोळखी माणसाने दिलेलं पार्सल घेऊ नका. ओळखीच्या माणसाने दिलेलं उघडून, बघून, मग घ्या.

पिवळी कार्डं मुंबईला उतरताच, इमिग्रेशनच्याही आधी, आरोग्य विभागाच्या टेबलावर मागितली गेली. आमच्या पुढचा तरुण मुलगा मोबाइलवर प्रमाणपत्राचा फोटो दाखवत होता. मूळ कार्ड सामानाच्या बॅगेत गेलं होतं. त्याला बाजूला बसवलं. आमची कार्डं पासपोर्टच्या कव्हरमध्येच होती, कारण २०२२ नंतर ताई कुठलाच कागद स्वतःपासून लांब ठेवत नाही.

पुढच्या दिवाळीला जायचं मनात असेल तर पासपोर्ट आजच कपाटातून काढून मुदत बघा. नाशिकला पासपोर्ट सेवा केंद्र आहे. छत्तीस पानांच्या पुस्तिकेला पंधराशे रुपये पडतात. चिप असलेले ई-पासपोर्टही २०२४ पासून टप्प्याटप्प्याने मिळू लागले आहेत, तेही आमच्या प्रेसमध्येच तयार होतात. मग ट्रान्झिट व्हिसा, मग लस, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. बागेतली काडी मात्र बागेतच राहू द्या.